गणपती ऑगस्टात आला म्हणून धंदा वाढला का?

प्रश्न : नायगावात आमचं कटलरी आणि स्टेशनरीचं छोटं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, आता मी आणि माझे मिस्टर बघतो. पेपरात दर महिन्याला बातमी येते, किरकोळ विक्री अमुक टक्क्यांनी वाढली, पश्चिम विभागात तमुक, कपड्यांत एवढी, चपला-बुटांत तेवढी. आमच्याकडे आजवर कुणी विचारायला आलेलं नाही. मग हे आकडे काढतं कोण? दुसरं असं, की २०२५च्या ऑगस्टात आमचा गल्ला आदल्या ऑगस्टापेक्षा छान भरला. सगळे खूश होते. सप्टेंबरात तो इतका पडला की मिस्टर म्हणाले, दुकान भाड्यानं देऊन टाकू. आमचा धंदा खरंच बसतोय का, हे ओळखायचं कसं?
– एक वाचक, नायगाव, दादर (पूर्व)

उत्तर : ताई, भाड्यानं देण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा आणि दोन वर्षांची कॅलेंडरं शेजारी शेजारी मांडा. २०२४ मध्ये गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. २०२५ मध्ये ती २७ ऑगस्टला आली. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या दोन तारखांत आहे.

मखराचे कागद, झिरमिळ्या, कृत्रिम फुलांच्या माळा, गौरींच्या बांगड्या, आरतीची पुस्तकं हा सगळा माल चतुर्थीच्या आधीच्या आठ-दहा दिवसांतच उठतो. २०२४ मध्ये ते दहा दिवस २८ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर असे होते. म्हणजे चार दिवस ऑगस्टात आणि सहा सप्टेंबरात. २०२५ मध्ये १७ ते २६ ऑगस्ट, म्हणजे दहाच्या दहा दिवस ऑगस्टात पडले.

आता एक हिशेब करू. आकडे माझ्या मनाचे आहेत, तुम्ही तिथे तुमचे घाला. समजा एरवी रोजचा गल्ला ३,००० रुपये आणि गणपतीआधीच्या दहा दिवसांत ९,०००. ऑगस्ट २०२४ : २७ साधे दिवस, चार सणाचे, एकूण १ लाख १७ हजार. ऑगस्ट २०२५ : २१ साधे, दहा सणाचे, एकूण १ लाख ५३ हजार. वाढ सुमारे ३१ टक्के! आता सप्टेंबर बघा. २०२४ मध्ये सहा दिवस सणाचे, २४ साधे. १ लाख २६ हजार. २०२५ मध्ये तीसही दिवस साधे; ९० हजार. घट सुमारे २९ टक्के. आणि दोन्ही महिने मिळून? दोन्ही वर्षी बरोब्बर २ लाख ४३ हजार. धंदा वाढलाही नाही आणि पडलाही नाही. बाप्पा अकरा दिवस आधी आले, एवढंच झालं.

आपण हिशेब इंग्रजी महिन्याचा ठेवतो आणि गिऱ्हाईक येतं पंचांगाप्रमाणे. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे सण दर वर्षी तेवढे मागे सरकतात, आणि अधिक मास आला की एकदम अठरा-एकोणीस दिवस पुढे जातात. लक्ष्मीपूजन २०२२ मध्ये २४ ऑक्टोबरला होतं, २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. ज्या देशात वर्षातली सगळ्यात मोठी खरेदी अशी ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये ये-जा करते, तिथे ‘ऑक्टोबरची विक्री गेल्या ऑक्टोबरपेक्षा इतकी’ हे वाक्य एकटं वाचून काहीच कळत नाही. गुढी पाडव्याचंही तसंच : २०२४ मध्ये ९ एप्रिल, २०२५ मध्ये ३० मार्च. सोनाराचा पाडवा एका वर्षी मार्चअखेरच्या हिशेबात आणि दुसऱ्या वर्षी नव्या आर्थिक वर्षात, आणि सोनार मात्र तोच.

तुमच्या सप्टेंबरात आणखी एक गोष्ट घडली असणार. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी होणार अशी घोषणा झाली, ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेनं दर ठरवले आणि ते लागू झाले २२ तारखेला. वह्या, पेन्सिली, खोडरबर, शार्पनर यांच्यावरचा कर त्या दिवसापासून शून्य झाला. वह्या-पेन्सिलींवर तोवर १२ टक्के होता. अशा वेळी डिस्ट्रिब्युटरही माल हात राखून देतो आणि पालकही म्हणतात, पंधरवड्यानं घेऊ. त्यात ८ ते २१ सप्टेंबर पितृपक्ष. नेमकी २२ तारखेलाच घटस्थापना! त्या एका दिवशी दोन दारं उघडली. हिंदमाताच्या कापडबाजाराला त्याचा फायदा लगेच मिळाला असेल, कारण नवरात्रीला कपडा घेतला जातो आणि २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर कर ५ टक्के झाला होता. वही मात्र नवरात्रीला कुणी घेत नाही. एकाच रस्त्यावरच्या दोन दुकानांचा सप्टेंबर इतका वेगळा जाऊ शकतो. पेपरात ‘क्षेत्रवार कल’ म्हणून जे छापतात, ते हेच.

आता तुमचा पहिला प्रश्न, मोजतं कोण?

भारत सरकार दर महिन्याला महागाईचा आकडा देतं, कारखान्यांच्या उत्पादनाचा देतं, जीएसटी किती जमला ते सांगतं. पण देशातल्या सगळ्या दुकानांत मिळून या महिन्यात किती विक्री झाली, असा मासिक सरकारी आकडा आपल्याकडे निघत नाही. अमेरिकेचं जनगणना खातं दर महिन्याच्या मध्याला असा आकडा देतं आणि तिथला शेअर बाजार त्याच्याकडे डोळे लावून बसलेला असतो. आपल्याकडे तुम्ही वाचता त्या बातम्या बहुतेक करून रिटेलर्स असोसिएशन ऑफ इंडिया या व्यापारी संघटनेच्या पाहणीवरून येतात. ही संघटना आपल्या मुंबईतलीच. ती दुकानदारांना विचारते, पश्चिम, उत्तर, दक्षिण, पूर्व असे चार विभाग करते आणि कपडे, पादत्राणं, दागिने, सौंदर्यप्रसाधनं, फर्निचर, टीव्ही-फ्रिज, खेळाचं साहित्य, किराणा, झटपट खाण्याची ठिकाणं अशी वर्गवारी देते. काम उपयोगाचं आहे. पण तिचे सभासद मुख्यतः संघटित दुकानदार, म्हणजे शाखा असलेले, संगणकावर बिल फाडणारे. तुमच्या फळीवरच्या टिकल्यांची पाकिटं त्या पाहणीत नसतात. ‘किरकोळ विक्री ५ टक्के वाढली’ असं वाचलंत की मनात ‘मोठ्या दुकानांची’ हे दोन शब्द जोडून घ्या.

लहान दुकानांची मोजणी करणाऱ्या पद्धतीही आहेत, फक्त त्या तुमच्या उंबऱ्यापर्यंत आलेल्या नाहीत. त्यातली जुनी म्हणजे दुकानाचं ऑडिट. एक माणूस ठरावीक दुकानांत ठरावीक काळानं जातो, फळीवरचा माल मोजतो, मधल्या काळात किती माल घेतला त्याची बिलं बघतो. आधीचा साठा अधिक खरेदी, वजा आताचा साठा, म्हणजे विक्री. अमेरिकेत आर्थर नील्सन यांनी १९३०च्या दशकात ही रीत रुजवली. आपल्याकडे ती बडोद्याच्या ऑपरेशन्स रिसर्च ग्रुपमुळे वाढली. ही संस्था विक्रम साराभाईंनी उभी केलेली, अवकाश संशोधनाच्या साराभाईंनी. साबण, चहा, बिस्किटं, टूथपेस्ट यांच्या कंपन्या आजही अशा मोजणीवर लाखो रुपये खर्च करतात. एखाद्या वाण्याच्या दुकानात वह्या घेऊन बसलेला, बरण्या मोजणारा तरुण तुम्ही पाहिला असेल, तर तो बहुधा याच कामावर असणार. औषधांचं असंच स्वतंत्र मासिक मोजमाप होतं आणि ते मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतं, कारण त्यात वाढीचे तीन तुकडे करून सांगतात : किती वाढ किंमत वाढल्यामुळे, किती खरोखर गोळ्या जास्त विकल्यामुळे, आणि किती नवी औषधं बाजारात आल्यामुळे.

आणि सरकारची एक पाहणी थेट तुमच्यासारख्यांचीच आहे, कंपनी म्हणून न नोंदलेल्या लहान आस्थापनांची. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय ती करतं. २०२३-२४च्या फेरीत शेतीबाहेरच्या अशा आस्थापनांची संख्या ७ कोटी ३४ लाख निघाली. दुकानं, छोटे कारखाने, सलून, शिवणकाम, सगळं त्यात धरलेलं. फक्त ती मासिक नाही. वर्षाची मिळते आणि अलीकडे तिमाहीचीही मिळू लागली आहे. कधी तिचा माणूस तुमच्या दारात आला तर त्याला चहा द्या आणि खरं सांगा. त्या उत्तरांचा कर लावायला उपयोग होत नाही, आणि तुम्ही नाही सांगितलंत तर तुमच्यासारखं दुकान देशाच्या हिशेबात उमटायचं राहून जाईल. हे मी मनापासून सांगतोय.

विभागांबद्दल थोडं. ‘पश्चिम’ म्हणजे नायगाव नव्हे. त्यात सुरतही आली, सावंतवाडीही आली, मडगावही आलं. गुजरातचा नवरात्रीतला चनिया-चोळीचा बाजार आणि आपला गणपतीचा बाजार एकाच पोत्यात भरले जातात. दक्षिणेत तमिळ मुलखात आडी महिन्यात, म्हणजे जुलैच्या मध्यापासून, शुभकार्यं थांबतात, म्हणून कापडवाले मोठे सेल लावतात. केरळात ओणम आला की सोनं, कपडे, टीव्ही सगळं एकदम उचललं जातं. बंगालचा सगळा जीव दुर्गापूजेच्या आधीच्या तीन आठवड्यांत. २०२४ मध्ये पूजा ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात होती, २०२५ मध्ये ती २ ऑक्टोबरला संपलीसुद्धा. म्हणजे पूर्व विभागाची पूजेची खरेदी २०२५ मध्ये जवळजवळ सगळी सप्टेंबरात शिरली. पूर्व पुढे गेली आणि पश्चिम मागे पडली असं कुणी त्या महिन्याच्या आकड्यावरून म्हणालं, तर त्याला पूजेची तारीख विचारा.

अमेरिकेत आणि युरोपात यावर उपाय करतात. नाताळ दर वर्षी डिसेंबरातच येतो, म्हणून डिसेंबराच्या आकड्यातून ‘डिसेंबरपणा’ गणितानं काढून टाकता येतो. महिन्यात किती शनिवार-रविवार होते तेही धरतात. ईस्टर कधी मार्चमध्ये, कधी एप्रिलमध्ये येतो, त्यासाठी वेगळी दुरुस्ती असते. ब्रिटनचं सांख्यिकी कार्यालय तर महिनेच चार आठवडे, चार आठवडे, पाच आठवडे असे पाडून घेतं, म्हणजे कुठल्याही महिन्यात अर्धा आठवडा लोंबकळत नाही. आपल्याकडे एक ईस्टर नाही. पाडवा, अक्षय्य तृतीया, गणपती, पूजा, दसरा, दिवाळी, ईद, सगळे सरकणारे, आणि प्रत्येकाचा जोर वेगवेगळ्या प्रांतात. काम अवघड आहे, पण अशक्य नाही. गाड्यांच्या वितरकांची संघटना, फाडा, त्यावर सरळ तोड काढते : सणांच्या दिवसांत ती महिना बाजूला ठेवते आणि घटस्थापनेपासून धनत्रयोदशीनंतरच्या पंधराव्या दिवसापर्यंतचे ४२ दिवस गेल्या वर्षीच्या तशाच ४२ दिवसांशी ताडून बघते. २०२५च्या त्या ४२ दिवसांत देशात ५२ लाखांहून जास्त वाहनांची नोंद झाली, आदल्या वर्षीपेक्षा सुमारे २१ टक्के जास्त. यात सणाचा सरकण्याचा खेळ नाही, म्हणून हा आकडा विश्वासानं वाचता येतो. करकपातीचा जोर मात्र त्यात आहेच. छोट्या गाड्यांचा कर २८वरून १८ टक्क्यांवर आला होता आणि १५ ऑगस्टपासून थांबलेले ग्राहक एकदम आले.

गाड्यांवरून आठवलं. त्यांचे दोन आकडे येतात. एक कारखान्यातून शोरूमला किती गाड्या रवाना झाल्या त्याचा, दुसरा आरटीओत किती नोंदल्या गेल्या त्याचा. पहिला म्हणजे माल दुकानात आला. विकला गेला की नाही, ते दुसऱ्यावरून कळतं. आणि त्या दुसऱ्याच्या खाली बारीक अक्षरात बरीच वर्षं लिहिलेलं असायचं की यात तेलंगण नाही, कारण ते राज्य ‘वाहन’ पोर्टलवर नव्हतं. बारीक अक्षर वाचायची सवय लावून घ्या.

रुपये आणि माल यांतला फरक सोन्याइतका स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही. २०२५च्या एप्रिलात दहा ग्रॅमचा भाव प्रथमच एक लाखावर गेला आणि धनत्रयोदशीला तो त्याच्याही बराच वर होता. रानडे रोडवरच्या सराफाचा गल्ला रुपयांत वाढलेला दिसतो. पण पाटल्या घ्यायला आलेली बाई कानातली घेऊन गेलेली असते. देशभर तेच झालं : दागिन्यांची उलाढाल रुपयांत वर, वजनात खाली. तुमच्याकडेही असंच असतं. वीस रुपयांची वही पंचवीसला झाली आणि तेवढ्याच वह्या खपल्या, तर गल्ला पंचवीस टक्के वाढतो. धंदा वाढला का? नाही. म्हणून रुपयांबरोबर नग लिहा.

आणि मागचं वर्ष कसं होतं ते विसरू नका. मे २०२१ मध्ये विक्रीची तुलना मे २०२०शी केली असती तर काहीच अर्थ निघाला नसता, कारण मे २०२० मध्ये शटरच खाली होतं. म्हणून रिटेलर्स असोसिएशननं तेव्हा २०१९शी तुलना केली आणि मे २०२१ची विक्री ७९ टक्के कमी असल्याचं सांगितलं. त्यांनी त्या वेळी योग्य केलं. खड्ड्यात उभं राहून मोजलं की कुठलीही जागा उंच वाटते.

आता नायगावबद्दल बोलायलाच हवं, कारण तुमच्या गल्ल्याचं मूळ तिथे आहे.

तुमच्या सासऱ्यांच्या काळात या भागाचा महिना १ तारखेला सुरू होत नसे. १९३६च्या वेतन कायद्याप्रमाणे हजारापेक्षा कमी कामगार असतील तिथे ७ तारखेच्या आत पगार द्यायचा, हजार किंवा जास्त असतील तिथे १० तारखेच्या आत. गिरणीत हजारांनी माणसं. म्हणून परळ, लालबाग, नायगावची बाजारपेठ १० तारखेच्या पगारावर हलायची. वाण्याच्या खात्यावर महिनाभर तांदूळ-तेल यायचं, दहाव्या-अकराव्या दिवशी खातं चुकतं व्हायचं आणि त्याच संध्याकाळी पोराची वही, बायकोच्या बांगड्या, भेळ. पोलिस लाइनीतल्या घरांचा पगार वेगळ्या तारखेला, म्हणून त्यांची खरेदी वेगळ्या दिवसांत. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि १० तारीख या भागाच्या बाजारातून कायमची गेली. तेव्हाच्या दुकानदारांनी उधारी किती महिने पेलली, हे सासऱ्यांच्या जुन्या वह्यांत असेल. त्या वह्या रद्दीत घालू नका, ही माझी हात जोडून विनंती. नायगावच्या किरकोळ विक्रीचा त्याहून खरा दस्तऐवज कुठल्याही कार्यालयात मिळणार नाही.

मोजमापाची गोष्टही या भागाला परकी नाही. मुंबई सरकारचं लेबर ऑफिस १९२१ मध्ये सुरू झालं आणि त्याच वर्षापासून त्याच्या लेबर गॅझेटमध्ये कामगारांच्या राहणीखर्चाचा निर्देशांक दर महिन्याला छापून येऊ लागला. जुलै १९१४ची पातळी १०० धरून. तांदूळ, डाळ, गूळ, रॉकेल, कापड यांचे दुकानातले भाव टिपायचे आणि त्यावरून कामगाराचा महिना किती महागला ते काढायचं. पुढे गिरणी कामगारांचा महागाई भत्ता या निर्देशांकाला बांधला गेला, तेव्हा तो आकडा चाळीचाळीत लोक बोटांवर मोजू लागले. तो कमी दाखवला जातोय, अशी तक्रार इतकी तापली की १९६३ मध्ये प्रा. डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली आणि तिनं दुरुस्त्या सुचवल्या. ज्या भागातल्या माणसांनी एका निर्देशांकासाठी लढा दिला, त्या भागातल्या बाई आज विचारतायत की आकडा काढतं कोण. मला हे वाचून फार बरं वाटलं.

आणखी एक कारण आहे, ते कुठल्याही पाहणीत सापडायचं नाही. नायगावच्या बीडीडी चाळी म्हणजे ४२ इमारती, सुमारे ३,३०० गाळे. १६० चौरस फुटांच्या एकेका खोलीत चार-सहा माणसं. पुनर्विकासासाठी इमारती एकेक करून रिकाम्या होतात, माणसं संक्रमण गाळ्यांत किंवा भाड्यानं दुसरीकडे जातात. एका इमारतीत साधारण ८० खोल्या. त्या खाली झाल्या की त्यातल्या शाळकरी मुलांच्या वह्या, पोरींच्या क्लिपा, राख्या, भाऊबीजेची पाकिटं सगळं दुसऱ्या चौकात जातं. तुमच्या दुकानाच्या जवळची इमारत रिकामी झाली असेल, तर सणाचा हिशेब जुळूनही गल्ला थोडा कमी येणारच. त्याचा दोष तुमच्याकडे नाही. ही माणसं ५०० चौरस फुटांच्या घरात परत येतील तेव्हा त्यांच्या गरजा वेगळ्या असतील. टॉवरमधलं कुटुंब फोनवर दहा मिनिटांत पेन मागवतं, हेही डोळ्यांसमोर ठेवा.

तर ओळखायचं कसं? वहीत तारखेशेजारी तिथी लिहा. महिन्याऐवजी हंगाम ताडून बघा : राखीपौर्णिमेआधीचे दहा दिवस, गणपतीआधीचे दहा, शाळा उघडण्याआधीचे पंधरा, दिवाळीआधीचे पंधरा. मधले साधे दिवस वेगळे काढा, त्यांची रोजची सरासरी काढा. फेब्रुवारी २०२४ मध्ये २९ दिवस होते, २०२५ मध्ये २८. नुसत्या त्यानंच साडेतीन टक्के घट दिसते. ऑगस्ट २०२५ मध्ये पाच रविवार होते, त्याआधीच्या ऑगस्टात चार. साध्या दिवसांची सरासरी सलग दोन-तीन तिमाह्या खाली येत असेल, नगांतही येत असेल, तर मग मिस्टरांशी बसून बोला.

एक सूचना आत्ताच देऊन ठेवतो. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. त्यात लग्नं नाहीत, म्हणजे कापडवाले आणि सराफ कुरकुरतील. त्या अधिकामुळे गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला जाते आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. तुमचा ऑगस्ट २०२६ गेल्या ऑगस्टापुढे एकदम हलका दिसेल. राखीपौर्णिमा २८ ऑगस्टला आहे, ती थोडा आधार देईल. घाबरू नका, गणपतीचा माल उशिरा भरा.

प्रश्न : जीएसटीच्या मासिक आकड्यांत महाराष्ट्र नेहमी पहिला असतो. म्हणजे देशात सगळ्यात जास्त खरेदी आपणच करतो का?
– एक विद्यार्थी, परळ

उत्तर : आपण बरीच करतो, पण त्या तक्त्यावरून ते सिद्ध होत नाही. एप्रिल २०२५ मध्ये देशात सुमारे २ लाख ३७ हजार कोटी रुपये जीएसटी जमला. महाराष्ट्राच्या नावावर सुमारे ४१,६०० कोटी होते, दुसऱ्या क्रमांकाच्या कर्नाटकाच्या दुपटीहून जास्त. पण हा तक्ता कर कुठल्या राज्यातून भरला गेला ते सांगतो. भिवंडीच्या गोदामातून पाटण्याला गेलेल्या साबणाचा कर इथून भरला जातो, साबण तिथे वापरला जातो. जीएसटी हा वापराच्या जागी मिळणारा कर असल्यामुळे राज्याबाहेर गेलेल्या मालावरचा वाटा नंतर वळता होतो. म्हणून तक्ता वाचताना त्या वळत्या रकमेनंतरचा रकाना बघ. शिवाय एप्रिलात जमलेला कर मार्चमधल्या व्यवहारांचा असतो आणि मार्चअखेरीला सगळे हिशेब पुरे करतात. एप्रिलचा आकडा त्यामुळेच दर वर्षी फुगलेला दिसतो. त्यावर ‘एप्रिलमध्ये विक्रमी खरेदी’ असा मथळा आला तर तो चुकीचा आहे.

प्रश्न : ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर एवढी पुस्तकं विकली जातात. ती कुठल्या आकड्यात धरतात?
– एक वाचक, भोईवाडा

उत्तर : कुठल्याच नाही, आणि याची मला खंत वाटते. महापरिनिर्वाण दिनाला चैत्यभूमीवर येणारा माणूस घरी जाताना पुस्तक नेतो. नागपूरपासून मराठवाड्यापर्यंतचे प्रकाशक आणि विक्रेते त्या दोन-तीन दिवसांसाठी गाठोडी बांधून येतात. बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणांचे सरकारी खंड, ज्यांचा पहिला खंड १९७९ मध्ये निघाला, ते घ्यायला रांग लागते. कितीतरी लहान प्रकाशकांचं वर्ष या गर्दीवर उभं आहे. तरीही ‘पुस्तकं’ अशी ओळ मासिक पाहण्यांच्या तक्त्यात सहसा नसते. पदपथावरच्या सतरंजीवर तर बिलही फाडलं जात नाही.

मोजायला मात्र ही विक्री सगळ्यांत सोपी आहे, कारण तारीख हलत नाही. १४ एप्रिलचंही तसंच : निळे झेंडे, पांढरे कपडे, मेणबत्त्या, सगळी खरेदी ठरल्या दिवसांत. अधिक मास नाही, पितृपक्ष नाही. फरक फक्त वाराचा. २०२४चा ६ डिसेंबर शुक्रवारी होता, २०२५चा शनिवारी, २०२६चा रविवारी आहे. सतरंजीवाल्यांपैकी पन्नास जणांनी जरी पुस्तकाचं नाव, प्रती आणि रुपये असे तीन रकाने आखून तीन दिवस वही ठेवली आणि पुढच्या वर्षी त्याच पन्नास जणांनी तीच ठेवली, तर मराठी पुस्तकांच्या किरकोळ विक्रीचा एक खरा आकडा पहिल्यांदा दादरमधून निघेल. भोईवाड्यातलं तुमचं मंडळ किंवा वाचनालय हे करणार असेल, तर वह्या आखून द्यायला मी येईन.